नाण्यावरचा दुसरा ठसा

दोस्तांनो,

मागच्या महिन्यात एका वाचकाच्या आईचे पत्र आले. त्या लिहितात, "आमचे चिरंजीव नववीत आहेत. मोबाइल घेऊन बसले की म्हणतात, 'आई, इतिहासाचा प्रकल्प करतोय.' मी मागून हळूच डोकावले, तर पडद्यावर मोटारींची शर्यत! बाई, खरं सांगा, या यंत्रावर इतिहास शिकता येतो का हो?"

पत्र वाचून मला हसू आले. ते चिरंजीव हे पान वाचत असतील तर आत्ता त्यांचे कान लाल झाले असतील! पण प्रश्न मोठा खरा आहे. म्हणून या आठवड्यात राजा-राण्यांची गोष्ट नेहमीसारखी सरळ न सांगता, आमच्या नाशिकच्या वर्गात काय घडले ते सांगते. त्यात राजे आहेत, खजिना आहे, भांडण आहे, आणि तुमच्या बाईंची झालेली फजितीसुद्धा आहे.

त्या दिवशी मी फळ्यावर एकच वाक्य लिहिले : 'गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला.'

"हे वाचलंय का कुठे?" मी विचारले.

"हो बाई, मागे होतं आम्हांला. एका मार्काला!" मागच्या बाकावरून उत्तर आले.

"बरं. मग हे आपल्याला कळलं कसं? दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. तेव्हा वर्तमानपत्र नव्हतं, फोटो नव्हते. कोणी सांगितलं?"

वर्ग गप्प. मग एकाने धीर करून सांगितले, "पुस्तकाने."

"आणि पुस्तकाला कोणी सांगितलं?"

आता मात्र सगळेच गप्प. तेव्हा मी वर्गाचे चार गट केले आणि सगळ्यांना संगणकाच्या खोलीत नेले. आमच्याकडे चालू स्थितीतले संगणक मोजून चार. एकेका गटाला एकेक संगणक आणि एकेक साक्षीदार वाटून दिला. साक्षीदार म्हणजे माणूस नव्हे हं! दोन गटांना दगड, एका गटाला नाणी आणि एका गटाला जाडजूड पुस्तक.

पहिल्या गटाचा दगड होता आपल्या पांडवलेण्यांतला. मुंबई-आग्रा रस्त्याने जाताना नाशिकच्या दक्षिणेला जो त्रिकोणी डोंगर दिसतो, तो त्रिरश्मी. त्याच्या अंगावर कोरलेली ही २४ लेणी. नाव पांडवांचे असले, तरी ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, आणि ते तिथल्या भिंतीच सांगतात. एमिल सेनार नावाच्या फ्रेंच विद्वानाने इथले शिलालेख वाचून, त्यांच्या छायाचित्रांसह आणि इंग्रजी भाषांतरासह 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात छापले. तो खंड १९०५-०६ चा. पूर्वी असे पुस्तक पाहायचे तर मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जावे लागे, आणि तिथेही "हे संदर्भासाठी आहे, घरी मिळणार नाही," असे ऐकावे लागे. आता त्याची पानेच्या पाने संगणकावर फुकट उघडतात.

दहाव्या लेण्यातला लेख उघडला. तो कोरून घेणारा उषवदात. हा नहपान राजाचा जावई. त्याच्या बायकोचे, म्हणजे नहपानाच्या मुलीचे, नाव दक्षमित्रा. या उषवदाताने लेणे दान दिले, आणि भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी पैशाचीही सोय केली. कशी? गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, त्याने ३००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यांतले २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि त्या पहिल्या २००० च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे.

"बाई, थांबा!" एकजण ओरडलाच. "दोन हजारांवर महिना एक टक्का म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे... दोनशे चाळीस! बरोबर आलं की हो!"

काय गंमत आहे बघा. इतिहासाच्या तासाला गणित सुटले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. दगडावरचा हिशेब इतक्या शतकांनंतरही चोख जुळला. आणि गोवर्धन म्हणाल, तर या नावाचे गाव आपल्या गंगापूर रस्त्यावर आजही आहे. म्हणजे व्याज देणारी पेढी कुठे परदेशात नव्हती, आपल्या शेजारीच होती!

दुसऱ्या गटाला दिला तिसऱ्या लेण्यातला लेख. तो कोरवून घेतला गौतमी बलश्रीने. ही सातकर्णीची आई. लेख कोरला तेव्हा तिचा नातू पुळुमावी राज्य करत होता, त्याच्या राज्याचे एकोणिसावे वर्ष होते. आजीने लेण्याचे दान देताना आपल्या मुलाची किती थोरवी गायिली आहे! त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, आणि क्षहरात घराणे तर त्याने मुळापासून संपवले, असे ती सांगते.

"बाई, क्षहरात म्हणजे?"

"नहपानाचं घराणं."

हे ऐकून पहिला गट एकदम नाराज झाला. त्यांना उषवदात आवडला होता ना! "आमचा माणूस भिक्षूंना कपडे देत होता, आणि तुमच्या राजाने त्यांचं घराणं संपवलं?" दुसरा गट म्हणाला, "ते बाहेरून आलेले होते." तो म्हणे, हा म्हणे. मी मध्ये पडले नाही. भांडू दिले थोडा वेळ. इतिहासात असे भांडण व्हावेच. मारामारी मात्र नको!

मग तिसऱ्या गटाने आपला साक्षीदार पडद्यावर आणला, आणि सगळे आपापली जागा सोडून तिथे गोळा झाले.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. एक-दोन नाही, तेरा हजारांहून अधिक नाणी! सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. कडेने ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांतली अक्षरे. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आणखी एक ठसा मारलेला होता. तो होता सातकर्णीचा. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोलांचे उज्जैन चिन्ह.

अशा नाण्यांची छायाचित्रे संग्रहालयांनी संगणकावर ठेवली आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातलीसुद्धा घरबसल्या पाहता येतात. मुलांनी चित्र मोठे केले. आणखी मोठे केले. नाणे केवढे असते? तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढे. पण पडद्यावर ते ताटाएवढे झाले, आणि मग दिसले. राजाच्या नाकावरूनच डोंगराची कमान गेली होती. खालचा चेहरा पुसला गेला नव्हता, अर्धामुर्धा दिसत होता. वर दुसऱ्याची खूण.

"बाई, म्हणजे माझ्या वहीवरचं नाव खोडून कुणी स्वतःचं लिहावं, तसं!"

मला ही उपमा फार आवडली. आईचे शब्द एकीकडे आणि ही नाणी दुसरीकडे. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण दोघे एकच गोष्ट सांगतात. न्यायालयात दोन वेगळ्या साक्षीदारांची साक्ष जुळली की न्यायाधीश मान हलवतात ना, तसेच हे. फळ्यावरचे ते एका मार्काचे वाक्य उभे आहे ते अशा साक्षींवर.

आता ऐका माझी फजिती.

चौथ्या गटाला मी दिले होते नाशिक जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर. इंग्रजांच्या काळी प्रत्येक जिल्ह्याची सगळी माहिती एकत्र करून असे ग्रंथ छापले जात. पिके, नद्या, बाजार, देवळे, जातीजमाती, इतिहास, सगळे. पांडवलेण्यांवरचा त्यातला भाग तयार करण्यात पंडित भगवानलाल इंद्रजी या आपल्या थोर संशोधकाचा मोठा हात होता. इतका चांगला ग्रंथ, म्हणून मी तो मुद्दाम निवडला होता.

तो गट उठून उभा राहिला. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "बाई, नाण्यांचा गट थापा मारतोय!"

"का रे?"

"आम्ही सगळं शोधलं. एवढा जाडा सरकारी ग्रंथ. त्यात जोगलटेंभीचा खजिना नाहीच. तेरा हजार नाणी सापडली असती, तर लिहिलं नसतं का?"

झाले! वर्गात एकच गलका. नाण्यांचा गट चिडला. "आमच्याकडे फोटो आहे!" तर हे म्हणतात, "फोटो काय, कुणीही बनवतो हल्ली!" मी क्षणभर गोंधळले. मीच निवडलेला ग्रंथ, आणि तो माझ्याच नाण्यांना खोटे पाडतो?

तेवढ्यात एक मुलगी उठली. वर्गात फारशी न बोलणारी. तिचे वडील रिक्षा चालवतात. घरात मोबाइल एकच, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर फिरतो. त्यामुळे पडद्यावरचे जे जे दिसेल ते ती वहीत उतरवून घेत होती. ती हळूच म्हणाली,

"बाई, हे पुस्तक कधीचं आहे?"

चौथ्या गटाने मागे, मागे, अगदी पहिल्या पानावर जाऊन पाहिले. सन १८८३.

"आणि नाणी कधी सापडली?"

१९०६!

अहो, जे तेवीस वर्षांनंतर सापडणार आहे, ते पुस्तकात येणार कसे? ग्रंथ खोटा नव्हता आणि नाणीही खोटी नव्हती. चूक माझी होती. पुस्तक हातात देताना त्याचे वय सांगायला मी विसरले. छापील पुस्तक हातात असते तर पिवळी पाने, जुना वास, मोडकी बांधणी यांवरून मुलांनी लगेच ओळखले असते. पण पडद्यावर काय होते? काल लिहिलेले पान आणि दीडशे वर्षांपूर्वीचे पान, दोन्ही तितकीच चकचकीत दिसतात!

दोस्तांनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. संगणकावर जे संपूर्ण आणि फुकट वाचायला मिळते, त्यात जुनी पुस्तके पुष्कळ असतात. कारण पुस्तक जुने झाले की त्यावरचा लेखकाचा हक्क संपतो आणि ते कुणालाही छापता-दाखवता येते. नवे संशोधन बहुतेक वेळा विकत घ्यावे लागते किंवा ग्रंथालयात जाऊन वाचावे लागते. म्हणून पडद्यावरचे पान उघडले की आधी त्याची जन्मतारीख शोधायची. मग मजकूर.

सनांचेही असेच. उषवदाताच्या लेखात ४१, ४२, ४५ अशी वर्षे दिली आहेत. पण कोणत्या गणनेची? ती आपल्या शालिवाहन शकाची धरली, तर ७८ मिळवायचे, म्हणजे ४१ चे होते इसवी सन ११९. काही अभ्यासक मात्र ही वर्षे वेगळ्या गणनेची मानतात आणि नहपानाला त्याच्याही आधीच्या काळात नेतात. त्यामुळे पडद्यावर एका ठिकाणी एक सन आणि दुसऱ्या ठिकाणी दुसराच दिसला, तर 'एक खरा, एक खोटा' असा निकाल देऊन मोकळे होऊ नका. दोघांनी कुठून मोजायला सुरुवात केली ते आधी पाहा.

दुसऱ्या दिवशी एक हुशार गडी छापील कागद घेऊन आला. हल्ली संगणकाला प्रश्न विचारला की तो परिच्छेदच्या परिच्छेद लिहून देतो ना, तसा. भाषा काय झोकदार! सातकर्णीने गोदावरीच्या काठी नहपानाला कसे शरण आणले, नहपानाने तलवार कशी त्याच्या पायांशी ठेवली, सगळे साग्रसंगीत.

मी एवढेच विचारले, "छान आहे रे. पण तलवार ठेवल्याचं कोणत्या दगडावर कोरलंय?"

तो पुन्हा संगणकाकडे गेला आणि त्यालाच तसे विचारले. संगणकाने नम्रपणे माफी मागितली आणि दुसरी गोष्ट सांगितली! पोरगा बिचारा ओशाळला. मी त्याला रागावले नाही. यंत्राला विचारायला माझी ना नाही. पण गावात एखादा गप्पिष्ट माणूस असतो बघा, त्याला प्रत्येक गोष्टीचे उत्तर येतच असते. त्याचे ऐकावे जरूर, पण शेताची खरेदी त्याच्या शब्दावर करू नये. तिथे कागदच पाहावा लागतो. इतिहासात आपला कागद म्हणजे तो दगड आणि ते नाणे.

शेताचे नाव निघालेच आहे, तर त्या तिसऱ्या लेण्यातले आणखी दोन लेख सांगते. हे मीच शेवटी पडद्यावर उघडले.

सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला, म्हणजे अधिकाऱ्याला, हुकूम पाठवला की, पश्चिम कखडी गावातले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्या. निवर्तन हे जमीन मोजण्याचे जुने माप. आणि हे शेत कोणते? तर आजवर उषवदाताकडे असलेले!

वर्गात कुजबुज झाली. व्याजाचा चोख हिशेब करणारा तो जावई. त्याच्या हातचे शेत गेले आणि ते नव्या राजाने दान दिले. तेही त्याच डोंगरावरच्या भिक्षूंना. म्हणजे राजे बदलले, नाण्यांवरचे ठसे बदलले, पण भिक्षूंना दान देणे काही कोणी थांबवले नाही. पहिला आणि दुसरा गट कालपासून भांडत होता, तो इथे जरा शांत झाला.

पुढचा लेख सहा वर्षांनंतरचा. चोविसाव्या वर्षाचा. त्यात राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे. ते सांगतात : आम्ही भिक्षूंना कखडी गावात शेत दिले होते. पण ते शेत कोणी कसत नाही, आणि गावात वस्तीही राहिलेली नाही. म्हणून आता नगराच्या हद्दीवरच्या आमच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत.

"बाई, गावात कुणीच नाही?" कुणीतरी विचारले.

"दगड तसं सांगतो."

"लढाईमुळे गेली असतील माणसं."

"असेल. पण दगडावर 'लढाईमुळे' असं लिहिलंय का? बघा बरं."

त्यांनी पुन्हा वाचले. नव्हते लिहिलेले. लढाई असेल, दुष्काळ असेल, रोगराई असेल. मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. एकात 'दगड काय सांगतो', दुसऱ्यात 'आपल्याला काय वाटते'. पहिल्या रकान्यात लिहिले : गावात वस्ती नाही. दुसऱ्यात मुलांनी आपापले अंदाज लिहिले. दोन्ही रकाने हवेतच. दुसरा नसेल तर डोके चालणार नाही, आणि दोन्हींची सरमिसळ केली तर त्या तलवारीच्या गोष्टीसारखे होईल.

घंटा झाली तरी मुले उठली नाहीत. मला वाटते, त्या रिकाम्या गावाने त्यांना धरून ठेवले. 'पराभव केला' हे दोन शब्द वाचताना आपल्याला राजेच दिसतात. पण त्याच दिवसांत एका गावची चूल विझली होती. घरे होती, शेत होते, आणि नांगर धरायला कोणी नव्हते. हे परीक्षेत विचारत नाहीत. पण इतिहास शिकायचा तो यासाठीही.

पुढच्या रविवारी आम्ही पालकांना बरोबर घेऊन पांडवलेण्यांवर गेलो. पायऱ्या चढून धाप लागली. दहाव्या लेण्याच्या ओसरीत पोचलो. भिंतीवर वर, छताखाली, अक्षरांच्या ओळीच ओळी. मुलांनी भराभर मोबाइल काढून फोटो घेतले. पण वाचायचे कसे?

तेव्हा त्या रिक्षावाल्यांच्या लेकीने वही उघडली. पडद्यावरच्या छायाचित्रावरून तिने पाच-सहा ब्राह्मी अक्षरे उतरवून आणली होती. ब्राह्मीतला 'न' म्हणजे उभी रेघ आणि तिच्या तळाशी आडवी रेघ, जणू पाटावर उभी केलेली काठी. नहपान या नावात 'न' दोनदा येतो. पहिल्या 'न'नंतर दोन अक्षरे सोडली की पुन्हा 'न'. ती मान वर करून ओळीवरून बोट हवेतच फिरवत राहिली, भिंतीला हात न लावता. आणि मग एकदम म्हणाली,

"बाई... सापडला!"

पहिल्याच ओळीत होता. न-ह-पा-न. सगळ्या वर्गाने तो आळीपाळीने पाहिला. तिचे बाबाही आले होते. त्यांनीही पाहिला. "इतक्या वर्षांत किती पाहुण्यांना इथे खाली सोडलं असेल," ते म्हणाले, "पण वर येऊन भिंत कधी वाचली नव्हती."

आता पत्र पाठवणाऱ्या आईंना माझे उत्तर. हो, मोबाइलवर इतिहास शिकता येतो. पण मोबाइल हा टांगा आहे. तो तुम्हांला लेण्याच्या पायथ्याशी सोडील. पायऱ्या ज्याच्या त्यानेच चढायच्या. मुलगा पडद्यासमोर किती वेळ बसला ते मोजत बसू नका. संध्याकाळी जेवताना त्याला दोनच गोष्टी विचारा : "आज काय सापडलं?" आणि "ते तुला कशावरून कळलं?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले, तर तो खरेच प्रकल्प करत होता. नाही आले, तर मोटारींची शर्यत! आणि घरात मोबाइल एकच असेल तर मुळीच खंत करू नका. आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त कुणाला दिसले ते तुम्ही वाचलेतच.

आता दोस्तांनो, तुमच्यासाठी

करून पाहा

१. तुमच्या जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर शोधा. ती संगणकावर उपलब्ध आहेत. मोठ्यांची मदत घ्या. शोधताना गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंग वापरून पाहा. नाशिकचे जुन्या पुस्तकांत 'नासिक' असते, पुण्याचे 'पूना'. एका स्पेलिंगने सापडले नाही म्हणजे नाहीच, असे समजू नका.

२. पुस्तक उघडल्यावर वहीत आधी तीन गोष्टी लिहा : कोणी लिहिले, कोणत्या साली लिहिले, कोणासाठी लिहिले. मगच पुढे वाचा.

३. तुमच्या गावाविषयीचे एक वाक्य निवडा आणि त्याला दुसरा साक्षीदार शोधा. देवळातला लेख, जुने नाणे, घरातले जुने कागद, नकाशा, काहीही चालेल. जुळले तर उत्तमच. नाही जुळले तर जास्त मजा!

४. वहीत दोन रकाने आखा : 'पुरावा काय सांगतो' आणि 'मला काय वाटते'.

५. जागा पाहायला गेलात तर भिंतीला हात लावू नका. अक्षरे नीट दिसावीत म्हणून खडू फिरवणे, पाणी ओतणे अजिबात नको. एवढी शतके टिकलेले अक्षर आपल्या हातून पुसले जायला नको ना?

जाता जाता एक कोडे. दुसऱ्या श्रेणीकडे उषवदाताने १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. त्याचे वर्षाचे व्याज किती? आणि दुसरा प्रश्न, जरा डोके खाजवायला लावणारा : सातकर्णीने नहपानाची नाणी वितळवून नवी का पाडली नसतील? आहेत त्यांच्यावरच ठसा का मारला असेल? पहिल्याचे उत्तर एकच आहे. दुसऱ्याचे मात्र कारणासहित पाठवा, आणि ते कोणत्या रकान्यातले आहे हेही लिहा!

पत्रांची वाट पाहते. आणि हो, त्या मोटारींच्या शर्यतीवाल्या चिरंजीवांचे उत्तर मला सर्वांत आधी हवे बरं का!

तुमची,
इतिहासाची बाई